फोन हय ठेवा

"फोन बंद करा, साहेब, आणि हय ठेवा."

मी हात आडवा धरला आणि खानोलकर साहेब गँगवेच्या शेवटच्या पायरीवर थांबले. गँगवे म्हणजे धक्क्यावरून जहाजावर चढायची शिडी. तिच्या वरच्या टोकाला त्या दिवशी आठ ते बारा माझा पहारा होता. साहेब फोन कानाला लावूनच चढले होते. एका हातात बॅग, दुसऱ्यात फोन, कठडा धरायला हातच शिल्लक नव्हता. माझ्याकडे बघून ते ओळखीचं हसले, बोटानं 'एक मिनिट' अशी खूण केली आणि बोलत राहिले.

"एक मिनिट नाय, साहेब. आत्ता."

त्यांनी फोन कानापासून दूर केला. "मी कोण ता तुका म्हायत आसा मा, जयवंता?"

माहीत नसायला काय झालं! मालवणपासून देवगडपर्यंतच्या किनाऱ्यावर ज्या घरातला माणूस आमच्या कंपनीच्या जहाजावर होता, त्या घरात देवानंतर खानोलकरांचं नाव घेतलं जायचं. ते मुंबईच्या ऑफिसात खलाशांच्या भरतीचे साहेब होते. कुणाला कधी जहाजावर चढवायचं आणि कुणाला घरी बसवायचं, हे सगळं त्यांच्या सहीवर चालायचं. स्वतः वेंगुर्ल्याचे. गोडीत असले की मालवणीत बोलायचे. शुद्ध मराठीत शिरले की समजायचं, साहेबांचा पारा चढला.

आणि त्या दिवशी ते माझ्यासाठीच आले होते म्हटलं तरी चालेल. चौदा वर्षं मी सुकाणी होतो. समुद्रावर चाक धरायचं, बंदरात गँगवेवर उभं राहायचं. आमचे म्हातारे सारंग, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचे मुकादम, याच बंदरातून कायमचे घरी निघाले होते आणि त्यांच्या जागी माझा नंबर लागला होता. साहेब जहाजाची पाहणी करणार, कॅप्टनला भेटणार आणि मला सारंग केल्याच्या कागदावर सही करून जाणार, असं ठरलं होतं. माझ्या बायकोनं गावात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. नाही, खोटं कशाला सांगू, वाटलेसुद्धा होते.

"म्हायत आसा, साहेब," मी म्हटलं. "म्हणूनच नीट सांगतंय. नाफ्ता भरतंत. फोन घेवन वर येवक गावाचां नाय."

आखातातल्या एका तेलाच्या धक्क्याला आमचा टँकर लागला होता. पहाटेपासून टाक्यांमध्ये नाफ्ता भरला जात होता. नाफ्ता म्हणजे पेट्रोलचा मोठा भाऊ. त्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. नुसता गोडसर वास येतो आणि डोकं जड होतं. अशा वेळी डेकवर काडेपेटी नाही, लायटर नाही, खिळ्यांचे बूट नाहीत आणि मोबाईल नाही. हातातला वॉकीटॉकीसुद्धा ठिणगी न पडणारा, तसा शिक्का मारलेला. यातला कुठला नियम जगभरच्या जहाजांचा, कुठला त्या बंदराचा आणि कुठला कंपनीचा, हे आम्हा खलाशांना कुणी कधी वेगळं करून सांगितलं नाही. आम्ही सगळ्यालाच 'इंटरनॅशनल' म्हणायचो आणि पाळायचो.

पाळायची पद्धत साधी होती. गँगवेवर लोणच्याची रिकामी प्लास्टिकची बरणी असायची. भटारखान्यातली, रुंद तोंडाची. येणाऱ्यानं फोन बंद करून बरणीत टाकायचा, रजिस्टरात नाव लिहायचं, मग आमच्यापैकी कुणीतरी बरणी आत ऑफिसात नेऊन ठेवायची. कितीही धुतली तरी तिचा वास जात नव्हता. बंदरातून बाहेर पडल्यावर निम्म्या जहाजाच्या फोनांना लिंबाच्या लोणच्याचा वास यायचा आणि बायकोशी बोलता बोलता भूक लागायची.

खरं तर साहेबांचा फोन धक्क्याच्या गेटवरच काढून घ्यायला हवा होता. पण ते एजंटच्या गाडीतून, मोठा पास गळ्यात अडकवून आले होते. गेटवाल्यानं सलाम ठोकून सोडलं असणार.

साहेबांनी फोन बंद केला, मला दाखवला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"झालां? केलंय बंद. आता सरक."

"बंद असलो तरी हय ठेवूचो लागतलो."

"अरे, बरणीत बंद आणि खिशात बंद, फरक काय तो?"

"बरणीत माका दिसता, साहेब. खिशात दिसना नाय."

ते हसले. अजून गोडीत होते. "विमानान इलंय मी. थय पण नुसतो बंद करूक सांगतत. कोण काढून घेना नाय."

"इमानात मानसां टाकयेची झाकणां उघडून बसनत नाय."

माझं हे बोलणं त्यांना आवडलं नाही. घड्याळ बघत त्यांनी आवाज खाली आणला. "आयक. बारा वाजता मुंबईचो फोन येतलो. मोठ्या साहेबांचो. तो मी घेवकच व्हयो. आत केबिनात बसान बोलतंय, डेकार काढूचंय नाय. आणि तुजो कागद बॅगेत आसा. चल, दहा मिन्टांत सही करून टाकूया. उगाच खुळ्यासारख्या करू नको."

बॅग त्यांनी थोडी उघडलीसुद्धा. पांढऱ्या पाकिटाचं टोक मला दिसलं.

आता मी काही संत नाही. ते पाकीट मला हवंच होतं. आणि साहेबांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. शिडीच्या डोक्यापासून केबिनच्या दारापर्यंत चाळीस पावलं. बंद फोन खिशात घेऊन चाळीस पावलं चालल्यानं जहाज उडालं असतं का? बहुतेक नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण हात काही खाली येईना.

"साहेब, मुंबईक ऑफिसातल्या फोनार बोला. कॅप्टनसाहेब लावून देतले."

"जयवंत मेथर," साहेब म्हणाले, "तुम्ही कुणाशी बोलता आहात याचं भान ठेवा."

आले शुद्धात. मी मनात म्हटलं, आता ठीक आहे. गोड बोलणाऱ्या माणसाला अडवणं कठीण असतं. चिडलेल्या साहेबासमोर उभं राहायला मला कधीच जड गेलं नाही.

"कॅप्टनला बोलवा."

मी स्वतःच वॉकीटॉकीवर बोलावलं. उगाच मी लपवाछपवी केली असं व्हायला नको.

कॅप्टन देशकर नागपूरचे. समुद्रापासून इतक्या लांबचा माणूस जहाजाचा कॅप्टन कसा झाला, हे कोडं आम्हाला कधी सुटलं नाही. माणूस सज्जन, पण त्यांचीही बढतीची फाईल मुंबईतच अडकलेली. डोक्यावर हेल्मेट चढवत ते धावत आले.

"काय करून राहिलास, मेथर? साहेब उन्हात उभे आहेत."

"साहेबांनी फोन बरणीत टाकलो की सावलीत नेतंय, सर."

"अरे, मी सांगतो ना, सोड. माझ्या जबाबदारीवर सोड."

"सोडतो, सर," मी म्हटलं आणि रजिस्टर पुढे केलं. कॅप्टनशी मी मराठीच बोलायचा प्रयत्न करायचो, राग आला की जमेना इतकंच. "यात लिहा. कॅप्टनच्या हुकमावरून नाफ्त्याची भरती चालू असताना एक मोबाईल डेकवर घेतला. वेळ घाला, सही करा. मी बाजूला होतो."

देशकरांनी पेन घेतलं. मग रजिस्टराकडे बघितलं, मग धक्क्याकडे. भरती सुरू करायच्या आधी जहाजाचा आणि धक्क्याचा माणूस मिळून एक लांबलचक यादी भरतात, आणि 'डेकवर मोबाईल नाहीत' याच्यापुढे त्या सकाळी त्यांचीच सही होती. पेन त्यांनी परत माझ्या हातात दिलं आणि मला दोन पावलं बाजूला ओढलं.

"कशाला हट्ट करून राहिला बे? तुझाच कागद आहे ना त्यांच्यापाशी?"

"हो, सर."

"मग?"

"मग अजून एक वाट आहे. मी भरती थांबवायला सांगतो. पंप बंद, झाकणं बंद. वाफ गेली की साहेबांनी फोनसकट यावं, पाहिजे तर नाचत यावं." मी वॉकीटॉकी तोंडाशी नेला. धोका दिसला तर भरती थांबवायचा अधिकार जहाजावरच्या शेवटच्या खलाशालाही असतो. तसा बोर्डच लावलेला असतो. वापरत कुणी नाही.

"थांब, थांब!" कॅप्टननं माझं मनगट धरलं. भरती थांबली असती तर धक्क्यावरून माणसं आली असती, कारण विचारलं असतं, आणि कारण शर्टाच्या खिशात घेऊन भरतीचे साहेब शिडीवर उभे होते.

खानोलकरांना हे सगळं ऐकू जात होतं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, उन्हानं आणि माझ्यानं.

"मला एक सांगा, मेथर," ते म्हणाले. "आजपर्यंत मोबाईलमुळे एक तरी जहाज पेटलेलं तुम्ही ऐकलं आहे का? एक?"

हाच तो प्रश्न. मी त्याचीच वाट बघत होतो की काय, कोण जाणे.

"नाय आयकलां," मी म्हटलं. "ह्योच प्रश्न गुरुनाथान इचारललो, साहेब. तीन महिन्यांपूर्वी. तुमी तेका उत्तर धाडलास."

गुरुनाथ खवणेकर माझ्या गावचा. आमच्या दोन घरांमध्ये एक पाणंद. तोही याच जहाजावर सुकाणी होता. तीन महिन्यांपूर्वी, दुसऱ्या एका बंदरात अशीच भरती चालू असताना, डेकवर फेरी मारताना मला तो क्रेनच्या खांबामागे सापडला. फोनवर बोलत होता. घरी सरकारी मोजणी आली होती. त्याच्या बापानं हद्दीचा दगड काजूच्या झाडाजवळ पुरून ठेवला होता, आणि नेमका कुठे, हे फक्त गुरुनाथला माहीत. मोजणीवाला खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात उभा, शेजारी उभा, बायको रडकुंडीला आलेली, आणि हा इकडून सांगतोय, काजीच्या बुंध्यापासून दर्याच्या बाजूक... तेवढ्यात मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

तिथवर बरोबर होतं. फोन काढून घ्यायलाच हवा होता. पण संध्याकाळी मी रजिस्टरात लिहिलंही. नाव, वेळ, जागा. नियम तसाच होता. लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, हे मला नंतर फार दिवस आठवत राहिलं. मला वाटलं होतं, कॅप्टन चार शिव्या देतील आणि संपेल. गुरुनाथनं मुंबईला लिहून हाच प्रश्न विचारला, आणि उत्तरादाखल पत्र आलं. पुढच्या बंदरात गुरुनाथला उतरवलं आणि पुन्हा कंपनीत घ्यायचं नाही असा शेरा मारला. त्या पत्राची प्रत आमच्या जेवणाच्या खोलीत लावली होती. तीन महिने मी तिच्याखाली बसून जेवलो होतो. पाठ न व्हायला काय झालं!

मी ती साहेबांना म्हणून दाखवली. शुद्ध मराठीत, कारण पत्र शुद्ध मराठीत होतं.

"डेकवर मोबाईल बाळगणे हा आंतरराष्ट्रीय नियमांचा भंग आहे. अशा प्रकरणी कर्मचाऱ्याचा हुद्दा, कारण अथवा अडचण विचारात घेतली जाणार नाही. कोणताही अपवाद केला जाणार नाही. खाली सही, उदय खानोलकर."

कॅप्टन समुद्राकडे बघू लागले.

साहेब पुढे सरकले. माझ्या इतके जवळ की त्यांच्या अत्तराचा वास नाफ्त्याच्या वासात मिसळला. आणि ते परत मालवणीत बोलले, पण ही मालवणी गोडीतली नव्हती.

"नियमाचो एवढो पुळको तुका कधीपासून इलो, मेल्या? सारंग होवचो नंबर कोणाचो होतो? गुरुनाथाचो. तुज्यापेक्षा दोन वर्सां जुनो तो. तू लिवलंस म्हणान तो गेलो, आणि तो गेलो म्हणान हो कागद तुज्या नावाचो झालो. तेव्हा तुका नियम ग्वाड लागलो मा?"

कॅप्टननं चमकून माझ्याकडे बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं. मला होतं. तीन महिने रोज माहीत होतं. रात्री बंकवर पडलं की हाच हिशेब डोक्यात घोळायचा: जयवंता, तू नियमासाठी लिहिलंस की नंबरासाठी? शपथेवर सांगतो, मला उत्तर येत नव्हतं. आजही त्या संध्याकाळपुरतं येत नाही.

पण त्या सकाळी पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचं, ते मात्र आलं.

"म्हणानच," मी म्हटलं.

"काय म्हणानच?"

"म्हणानच फोन हय ठेवा, साहेब. गुरुनाथाक तुमी खाली काढलास आणि मी तुमका लिवन दिलंय. आता तुमका ह्या कागदासाठी वर सोडलंय, तर तो नियम नव्हतोच. तो नुसतो गुरुनाथाचो गळो होतो, आणि तुमी नि मी मिळान तो दाबलंव. माका सारंग करू नका. घराक धाडा. पण जोपर्यंत मी हय उभो आसंय, तोपर्यंत तो फोन वर जावचो नाय. धक्काबुक्की करूची आसात तर करा. शिडी अरुंद आसा, दोघांय पडतलंव."

माझा आवाज चढला होता. पंपाजवळचे दोन खलाशी काम सोडून बघत होते. मला कुणाचीच पर्वा राहिली नव्हती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला इतकं मोकळं वाटत होतं की साहेबांनी मला तिथेच कामावरून काढलं असतं तरी मी हसलो असतो.

कॅप्टन देशकरांनी बरणी उचलली. झाकण काढलं आणि स्वतःच्या दोन्ही हातांत धरून साहेबांपुढे केली.

"ठेवा, साहेब," ते म्हणाले. "याद्यांवर सही आम्ही करतो. निस्तरावं आम्हालाच लागते."

साहेबांनी खिशातून फोन काढला आणि बरणीत सोडला. बारा वाजता तो वाजला नाही, कारण बंद होता.

ते दीड तास जहाजावर होते. माझा पहारा बाराला संपला, पण मी बदली माणसाला पाठवून दिलं आणि तिथेच उभा राहिलो. परत आले तेव्हा मी फोन दिला, परत मिळाल्याचं लिहून घेतलं आणि हात बाजूला केला. पाकीट बॅगेतच होतं. तीन पायऱ्या उतरून त्यांनी मागे वळून पाहिलं.

"तुज्या जाग्यार मी असतंय तर सोडलं असतंय," ते म्हणाले.

"म्हायत आसा, साहेब."

पुढच्या बंदरात रत्नागिरीकडचा एक माणूस सारंग म्हणून चढला. चांगला माणूस होता, मला त्याचा राग नाही. माझा करार संपल्यावर कंपनीनं मला परत कधी बोलावलं नाही. या गोष्टीला सतरा वर्षं झाली. नंतर मी बंदरातल्या टगबोटीवर नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. सारंग काही झालो नाही. बायकोनं पेढ्यांवरून मला दोन वर्षं ऐकवलं.

पण घरी परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. सकाळीच मी पाणंद ओलांडून गुरुनाथकडे गेलो. जायला पाय तयार नव्हते. त्याच्या खळ्याच्या कडेला शेजाऱ्याचा नवा गडगा, म्हणजे चिऱ्यांची कुंपणभिंत, उभा होता, काजूच्या पुष्कळ अलीकडे. काजू पलीकडे, शेजाऱ्याच्या हद्दीत गेली होती. गुरुनाथ पंपाची मोटर खोलून बसला होता. मला बघून उठला नाही, बस म्हणाला नाही.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बरणी, पत्र, पाकीट. साहेबांनी नंबराबद्दल काय म्हटलं, तेही गाळलं नाही. त्यानं पान्हा खाली ठेवला नाही, पण फिरवायचं थांबवलं.

"माका खाली काढलंस त्येचो राग माका आसा," तो म्हणाला. "तो जावचो नाय. ह्यो गडगो रोज समोर दिसता, जातलो कसो?"

"नको जावंदे," मी म्हटलं.

"पण त्येका वर सोडलं असतंस, तर तू माका कित्याक पकडलंस ता माका कळलां असतां. मगे तुका ह्या खळ्यात उभो रवाक दिलं नसतंय."

एवढं बोलून त्यानं मान खाली घातली आणि पान्हा फिरवायला लागला. पाऊण तास त्याचं काम चाललं, आणि पाऊण तास मी त्या खळ्यात उभा होतो.